बल, कार्य आणि ऊर्जेची गणिते : माझा अनुभव

दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकून मी अकरावी विज्ञानाला गेलो, तेव्हा बल, कार्य आणि ऊर्जा यांची सूत्रे मला तोंडपाठ होती. परंतु गणित समोर आले की त्यांतले कोणते लावायचे, इथेच गाडी अडत असे. शाळेतली बहुतेक गणिते दिलेल्या संख्या सूत्रात भरल्या की सुटत. अकरावीत मात्र ठोकळा उतारावर असतो, त्याची दोरी कप्पीवरून जाते आणि दुसऱ्या टोकाला आणखी एक वस्तू लोंबत असते.

मला वाट सापडली ती आकृतीमुळे. आमच्या सरांचा दंडक होता की आकृतीत एकच वस्तू घ्यायची, तिच्यावरची बले बाणांनी दाखवायची आणि प्रत्येक बाणाशेजारी ते बल कोण लावते तेही लिहायचे : पृथ्वी, पृष्ठभाग, दोरी. ज्या बाणाला असा धनी सापडत नाही, तो खोडायचा. वर फेकलेल्या चेंडूवर वरच्या दिशेने एखादे बल असावे असे वाटत राहते, पण हात सुटल्यानंतर ते लावणारे कोणीच उरत नाही, हे या एका सवयीने मनात पक्के बसले. माझ्या मते या विषयातला निम्मा गोंधळ इथेच मिटतो.

त्यानंतरचा प्रश्न म्हणजे न्यूटनचा दुसरा नियम वापरायचा की ऊर्जा. गणितात वेळ विचारलेली नसेल आणि फक्त वेग व अंतर यांचाच संबंध हवा असेल, तर मी कार्य-ऊर्जा प्रमेयाकडे (वस्तूवरच्या सर्व बलांचे एकूण कार्य म्हणजे तिच्या गतिज ऊर्जेतला बदल) वळू लागलो. उदाहरणार्थ, 2 किलोग्रॅमचा ठोकळा 30 अंशांच्या, 4 मीटर लांबीच्या उतारावरून स्थिर स्थितीतून घसरतो, घर्षण गुणांक (घर्षण बल हे लंब प्रतिक्रियेच्या, म्हणजे पृष्ठभाग वस्तूवर काटकोनात लावतो त्या बलाच्या, किती पट आहे ती संख्या) 0.2 आहे आणि तळाशी वेग काढायचा आहे. उंची 2 मीटर असल्यामुळे, गुरुत्व त्वरण 10 धरल्यास, गुरुत्व बलाचे कार्य 40 ज्यूल होते. पृष्ठभागाची लंब प्रतिक्रिया 20 न्यूटन नसून 20 गुणिले कोसाइन 30, म्हणजे सुमारे 17.3 न्यूटन भरते. त्यामुळे घर्षण बल 3.46 न्यूटन आणि त्याचे कार्य उणे 13.9 ज्यूल येते. लंब प्रतिक्रिया विस्थापनाला काटकोनात असल्याने तिचे कार्य शून्य. उरलेले 26.1 ज्यूल हीच तळाशी असलेली गतिज ऊर्जा, आणि त्यावरून वेग सुमारे 5.1 मीटर प्रति सेकंद मिळतो.

उत्तर आले तरी मी लगेच वही मिटत नसे. घर्षण नसते तर वेग 40 चे वर्गमूळ, म्हणजे साधारण 6.3 आला असता, तेव्हा 5.1 हे त्याहून कमी आहे, हे ठीकच. शिवाय संख्या न घालता अक्षरांनीच मांडणी केली तर वस्तुमान दोन्ही बाजूंनी निघून जाते आणि ठोकळा 2 किलोचा असो वा 20 किलोचा, वेग तोच राहतो. हे पहिल्यांदा कागदावर उतरले तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता. तेव्हापासून संख्या शेवटच्या ओळीतच घालायच्या, ही शिस्त मी पाळत आलो आहे.

सर्वांत जास्त शिकवले ते उभ्या वर्तुळाकार मार्गाच्या गणिताने : घर्षणरहित मार्गावरून येणारी वस्तू वर्तुळाच्या माथ्यावरून न निसटता जावी, यासाठी ती वर्तुळाच्या तळापासून किमान किती उंचीवरून सोडावी? नुसती ऊर्जा इथे पुरत नाही. ऊर्जेच्या अक्षय्यतेवरून उंची आणि माथ्यावरचा वेग यांचा संबंध मिळतो, पण तो वेग किमान किती हवा हे बलांची आकृतीच सांगते : निसटण्याच्या सीमेवर पृष्ठभागाची प्रतिक्रिया शून्य होते, एकटे वजनच अभिकेंद्री बल (वस्तूला वर्तुळावर ठेवणारे, केंद्राकडे खेचणारे बल) पुरवते आणि म्हणून वेगाचा वर्ग गुरुत्व त्वरण व त्रिज्या यांच्या गुणाकाराएवढा असतो. ही दोन समीकरणे एकत्र आणली की उंची त्रिज्येच्या अडीचपट येते.