ब्रेकर हाताने चालू करता येतो का?

23 डिसेंबर 2015. पश्चिम युक्रेनमधल्या एका वीज वितरण कंपनीच्या नियंत्रण कक्षात पडद्यावरचा माऊस आपोआप हलू लागला. ऑपरेटरच्या डोळ्यांदेखत एकेक ब्रेकर (वीज जोडणारा-तोडणारा मोठा स्विच; उघडला की वीज तुटते) उघडत गेला, आणि त्याला स्वतःच्याच संगणकातून बाहेर काढलं गेलं. त्या दुपारी तीन कंपन्यांच्या मिळून सुमारे सव्वादोन लाख ग्राहकांची वीज गेली.

ब्रेकरमध्ये दोष नव्हता, आदेशही रीतसर होते. फक्त ते चोरलेल्या लॉगिनवरून सुटले होते. काही महिने आधी कर्मचाऱ्यांना ईमेलमधून ऑफिसच्या फाइली आल्या. कुणीतरी मॅक्रो (फाइलमध्ये दडलेला छोटा प्रोग्राम) चालू केला आणि ‘ब्लॅकएनर्जी’ हा घातक प्रोग्राम आत शिरला. पुढे पासवर्ड गोळा झाले. कार्यालयातून स्काडाकडे, म्हणजे उपकेंद्रं दुरून चालवणाऱ्या संगणक प्रणालीकडे, जाणाऱ्या व्हीपीएनला ओटीपीसारखी दुसरी पडताळणी नव्हती. जाता जाता हल्लेखोरांनी उपकेंद्रांतल्या, आदेश उपकरणांपर्यंत पोचवणाऱ्या कन्व्हर्टरचं फर्मवेअर (उपकरणातलं मूळ सॉफ्टवेअर) खराब केलं, म्हणजे दुरून पाठवलेला आदेश पोचूच नये. तक्रार केंद्रावर बनावट कॉलचा भडिमार केला, ते वेगळंच.

तरीही एक ते सहा तासांत वीज आली. माणसं गाड्या घेऊन उपकेंद्रांवर गेली आणि ब्रेकर हाताने चालू केले. यंत्रणेत ती सोय शिल्लक होती आणि ती वापरणारे हातही होते. आपल्याकडे उपकेंद्रं दुरून चालवण्याकडे कल वाढतोय. त्याला माझा विरोध नाही, पण ही सोय आणि हे हात दोन्ही गमावणं परवडणारं नाही.

म्हणून दर तिमाहीला रीतसर आउटेज (ठरवून वीज बंद) आणि कामाचं परमिट घेऊन एका बेची, म्हणजे एक ब्रेकर आणि त्याच्या जोडीच्या उपकरणांची, चाचणी घ्यावी. आदेश जागेवरून घ्यायचा की दुरून हे ठरवणारा सिलेक्टर स्विच ‘लोकल’वर टाकला की नियंत्रण कक्षातून दिलेला आदेश नाकारला गेला पाहिजे. तो चालला तर वायरिंग चुकलंय. नव्या पॅनेलमध्ये आणखी एक फसवी गोष्ट असते: तिथलं लोकल बटणही कधीकधी बे कंट्रोलरच्या सॉफ्टवेअरमधूनच जातं. कंट्रोलर बिघडला की बटण निरुपयोगी. त्यामुळे दोन्ही बाजूंचे आयसोलेटर (ब्रेकरला लाइनपासून वेगळं करणारे स्विच) उघडे ठेवून ब्रेकर चालवणारी स्प्रिंग हँडलने ताणावी (चार्ज करावी) आणि ब्रेकर थेट यंत्रणेवरून लावून-सोडून बघावा.

उपकेंद्रातल्या बॅटरीकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. 110 व्होल्टच्या बॅटरी बँकेत (सेलच्या संचात) 2 व्होल्टचे 55 सेल असतात. चार्जर चालू असताना मीटर छान आकडा दाखवतो, कारण तो आकडा चार्जरचा असतो. चार्जर बंद करून लोड टाका आणि प्रत्येक सेल मोजा. इतरांच्या आधी 1.85 व्होल्टखाली घसरणारा सेल बदला. बॅटरीचा डीसी पुरवठा नसेल तर ब्रेकर उघडणारी ट्रिप कॉइल काम करत नाही, मग फॉल्ट (बिघाड) आला तरी ब्रेकर उघडत नाही. ही चाचणीसुद्धा आउटेजमध्येच करावी.

मोबाइलवर विसंबू नका, टॉवरच्याही बॅटऱ्या संपतात. वायरलेस सेट हवा. सिंगल लाइन डायग्राम (उपकेंद्राच्या जोडणीचा साधा नकाशा) आणि रिले (बिघाड ओळखून ब्रेकर उघडायला लावणारं उपकरण) यांची सेटिंग तारखेसह कागदावर ठेवा. कन्व्हर्टरचा एक सुटा नग आणि फर्मवेअरची प्रत नेटवर्कबाहेर, कपाटात ठेवा.

शिवाय सर्ट-इन या भारत सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या 2022 च्या आदेशानुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून 6 तासांत कळवावी लागते आणि लॉग 180 दिवस जपावे लागतात. सगळ्या यंत्रांची घड्याळं एकमेकांशी जुळत नसतील, तर आधी काय आणि नंतर काय घडलं हे त्या लॉगवरून लावता येत नाही.