या, गूटे इडे

कोल्हापुरात राजारामपुरीत आमच्या जर्मनच्या क्लासला संध्याकाळी सातची बी-वनची, म्हणजे तिसऱ्या पातळीची, बॅच असते. निम्म्याहून जास्त पोरं नर्सिंगची, ड्युटी संपवून तशीच येतात. त्या दिवशी तोंडी परीक्षेची रंगीत तालीम ठेवली होती. बी-वनची तोंडी जोडीनं होते, दोघांची मिळून साधारण 15 मिनिटं. पहिल्या भागात दोघांनी बोलून काहीतरी ठरवायचं असतं. दुसऱ्या भागातलं प्रेझेंटेशन लोक घोकून येतात. आमच्याच धंद्यातले काही जण ते लिहून देतात आणि वर त्याची वेगळी फी घेतात. पहिला भाग मात्र घोकता येत नाही, कारण समोरचा काय म्हणेल कुणाला ठाऊक?

एका सिस्टरची आणि एका ब्रदरची जोडी मी लावली. दोघं एकाच हॉस्पिटलचे, म्हटलं मोकळं बोलतील. विषयसुद्धा घरचाच: क्लासमधला मित्र अपघात होऊन दवाखान्यात पडलाय, त्याला भेटायला कधी जायचं, कसं, काय घेऊन?

पोरगी पक्की आहे. 'वाइल' म्हणजे कारण, त्याच्यानंतर क्रियापद शेवटी जातं, ते मराठी माणसाला आपसूक जमतं. खरी गोची मुख्य वाक्यात, तिथं ते दुसऱ्या जागेवर लागतं. हिचं तिथंही हलत नाही. 'त्सेन' म्हणजे दहा. त्यातला 'त्स' चमच्यातल्या 'च'सारखा काढ म्हटलं, तर पहिल्या फटक्यात काढला.

ब्रदर म्हणाला, रात्री नऊला जाऊ.

"या, गूटे इडे." हो, छान कल्पना.

फुलं नेऊ.

"या, गूटे इडे."

अख्खा क्लास जाऊ, बाराच्या बारा जण.

"या, गूटे इडे."

माझ्या कागदावर चुकीची एक खूण नव्हती. आणि गुण द्यावेत असंही काही नव्हतं. पास व्हायला 100 पैकी 60 लागतात आणि इथं चर्चाच झाली नव्हती.

शेवटी मराठीत विचारलं, "अगं, तुझ्या वॉर्डात रात्री नऊला बारा जण फुलं घेऊन आले तर?"

"हाकलून काढतो की मॅडम!" (आमच्याकडच्या पोरी 'काढतो'च म्हणतात.) "आणि आयसीयूत फुलं कुठली चालतात?"

"मग हे ह्याला का नाही सांगितलंस?"

ती खाली बघून पुटपुटली, "दादा आमचे इन्चार्ज हाईत. त्यांना 'डू' कसं म्हणू?" 'डू' म्हणजे तू.

रात्री मोबाइलवरचं रेकॉर्डिंग परत ऐकलं. चार मिनिटांत तिनं एकदाही 'डू' म्हटलं नव्हतं. मानाचं 'झी'ही नाही, कारण क्लासमधल्या सोबत्याला 'झी' विचित्र वाटतं हे मीच सांगितलेलं. दोन्ही टाळायचं म्हणून वाक्यंच पांगळी केलेली: "उम नॉइन उअर, गूट?" नऊ वाजता, बरं? आणि हे मी तीन महिने ऐकत होते. नामाआधीची 'डेअर, डी, डास' ही आर्टिकलं दुरुस्त करत होते. 'डू' म्हणजे तू, 'झी' म्हणजे तुम्ही, असा फळ्यावर तक्ता काढून पहिल्याच आठवड्यात पुढं गेलेली मी.

दुसऱ्या दिवशी वेगळा डाव टाकला. ती वॉर्डातली सिस्टर, तो पेशंटचा नातेवाईक, दोघांत 'झी'. तो हातात पेनांचा गुच्छ धरून आला आणि बाई सुटल्या. "नाइन! काइने ब्लूमेन!" नाही! फुलं नाहीत! भेटीची वेळ संपली, एका वेळी दोघंच, बाकीचे बाहेर. कारणांसकट. एका वाक्यात आर्टिकल चुकलं, मी पेन खालीच ठेवलं. ब्रदर खरोखर दोन पावलं मागं सरकला.

मग पुन्हा मूळ विषय, पुन्हा 'डू'. त्यानं फुलं काढली. ती म्हणाली, "गूटे इडे, आबर…" पण. आणि थांबली. तोच म्हणाला, "म्हण की गं." ती हसायला लागली, बाकीचेही हसले आणि वेळ संपली.

परीक्षा पुढच्या शनिवारी आहे. जोड्या केंद्रावर लागतात. जाताना जिन्यात तिनं विचारलं, "मॅडम, समोर कोण बसणार ते आधी कळतं का?"

नाही कळत.