फोनच्या तारेवरचं नेट सारखं तुटतंय? आधी रिसीव्हर कानाला लावा

नेट दर दहा मिनिटांनी जायला लागलं की बहुतेक घरांत पहिला बळी मोडेमचा जातो. नवा मोडेम येतो, दोन दिवस बरे जातात, मग पुन्हा तेच. मोडेम बिघडत नाहीत असं नाही. पण तांब्याच्या तारेवरच्या ब्रॉडबँडमध्ये दोष बहुतेक वेळा तारेत असतो, आणि तारेतही एखाद्या जोडात. फायबर न पोचलेल्या गावांत आणि जुन्या वाड्या-सोसायट्यांत ही तार अजून चालू आहे, म्हणून हे जरा तपशिलात.

ही तार मुळात बोलण्यासाठी टाकलेली. आवाजाला ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढा पट्टा पुरतो. एडीएसएल२+ (फोनच्या तारेवरून नेट आणायची पद्धत, थोडक्यात डीएसएल) मात्र त्याच तारेतून २.२ मेगाहर्ट्झपर्यंत जातं: साधारण २५ ते १३८ किलोहर्ट्झ अपलोडला आणि त्याच्या वरचं सगळं डाउनलोडला. हा पट्टा ४.३१२५ किलोहर्ट्झच्या ५१२ टोनमध्ये, म्हणजे छोट्या कप्प्यांत, विभागलेला असतो. जोडणी होताना मोडेम प्रत्येक टोनवर किती बिट बसतील ते मोजून घेतो आणि त्यावर वेग ठरवतो. त्यामुळे ‘फोन तर नीट चालतोय, मग लाइन चांगलीच असणार’ हा तर्क चालत नाही. उलटा तर्क मात्र बहुतेकदा खरा ठरतो: फोनवर खरखर असेल तर नेटही सहसा नीट चालत नाही.

म्हणून पहिली चाचणी फुकटची. वायरवाला साधा फोन घ्या, कॉर्डलेस नको, त्याचा स्वतःचाच आवाज असतो. रिसीव्हर उचला, कोणताही एक आकडा दाबा. डायल टोन थांबेल आणि काही सेकंद शांतता मिळेल. त्या शांततेत चुरचुर, तडतड, गुणगुण किंवा दुसऱ्याचं बोलणं ऐकू आलं तर नेटचा विचार बाजूला ठेवा. आधी फोनची लाइन दुरुस्त व्हायला हवी.

दुसरी चाचणी दिव्यांची. नेट जातं तेव्हा मोडेमवरचा डीएसएलचा दिवा लुकलुकतो की स्थिर राहतो, हे एकदा नीट बघा. दिवा स्थिर आणि फक्त इंटरनेटचा दिवा लाल किंवा विझलेला असेल तर तार निर्दोष समजा. तिथं भानगड पीपीपीओई लॉगिनची (मोडेम कंपनीच्या युझरनेम-पासवर्डने करतो त्या लॉगिनची), बिलाची किंवा एक्स्चेंजच्या पुढच्या यंत्रणेची असते. दोन्ही दिवे स्थिर आणि मोबाइलवरच नेट जात असेल तर तो वाय-फायचा प्रश्न. लॅपटॉप लॅन केबलने जोडून बघितल्याशिवाय तारेला दोष देऊ नका. आणि हो, रिसेटच्या भोकात पिन घालायची घाई नको. युझरनेम, पासवर्ड आणि व्हीपीआय-व्हीसीआय, म्हणजे कंपनीच्या यंत्रणेशी जुळायला लागणारे ठरलेले आकडे, पुसले जातात (बीएसएनएलला ०/३५, मुंबईत एमटीएनएलला ०/३२), आणि एका दुखण्याची दोन होतात.

डीएसएलचा दिवाच लुकलुकत असेल तर खरं काम सुरू होतं. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ उघडा, लॉगिन करा आणि स्टेटस किंवा स्टॅटिस्टिक्समध्ये डीएसएलचं पान शोधा. तीन गोष्टी लिहून घ्यायच्या. पहिली एसएनआर मार्जिन, म्हणजे सिग्नल गोंगाटाच्या किती वर आहे, त्यातून जोडणी टिकायला लागणारं वजा करून उरलेली शिल्लक. जोडणी होताना साधारण ६ डीबी (डेसिबल) शिल्लक ठेवली जाते. १० च्या वर असेल तर निश्चिंत राहा, ६ ला काठावर, ३ च्या खाली गेली की कधीही तुटेल. दुसरी अटेन्युएशन, म्हणजे वाटेत सिग्नल किती झिजला. ०.५ मिलिमीटरच्या तारेला किलोमीटरमागे ढोबळमानाने १४ डीबी धरा. ४२ डीबी दिसले तर एक्स्चेंज तारेच्या वाटेने तीनेक किलोमीटरवर आहे. वाट सरळ नसते, नकाशावरचं अंतर पाहून वाद घालू नका. हा आकडा सहसा बदलत नाही. घर हललेलं नाही आणि अटेन्युएशन ३० वरून ४५ वर गेलं, तर वाटेत काहीतरी खराब झालंय. तिसरी गोष्ट सीआरसी त्रुटी, म्हणजे वाटेत बिघडून पोचलेल्या माहितीच्या तुकड्यांची मोजणी. एकदा बघून काही कळत नाही, तासाभराच्या फरकाने दोनदा बघा. तासाला पाच-दहा वाढल्या तर सोडून द्या, शेकड्यांनी वाढत असतील तर गोंगाट आहे.

आता घरातला दोष आणि घराबाहेरचा दोष वेगळा काढायचा. ही पायरी बहुतेक जण गाळतात. बाहेरून आलेली ड्रॉप वायर घरात पहिल्यांदा ज्या डबीत, म्हणजे रोझेटमध्ये, येते तिथं जा. तिथून पुढे गेलेल्या घरातल्या सगळ्या वायरी सोडवा. फोन, फॅक्स, कॉलर आयडीचा डबा, सगळं काढा. आवाज आणि नेट वेगळं करणारा स्प्लिटरसुद्धा काढा. मोडेम एका आखूड वायरने थेट त्या डबीला जोडा आणि पुन्हा आकडे घ्या. वायरींना हात लावताना एक भान ठेवा: लाइनवर एरवी ४८ व्होल्टच्या आसपास डीसी असतो, तो जाणवतही नाही. पण त्याच वेळी फोन आला तर घंटीचा ७५ व्होल्टच्या आसपासचा एसी येतो आणि चांगला झटका बसतो. ओले हात नकोत.

थेट जोडल्यावर मार्जिन चार-पाच डीबीने सुधारली आणि रात्रभर टिकली, तर दोष घरातच आहे. आनंदाची गोष्ट, कारण तो स्वतःला काढता येतो. मग एकेक वस्तू परत जोडत जा, प्रत्येक वेळी आकडे बघा. बहुतेकदा गुन्हेगार असतो तो स्प्लिटरच्या आधी जोडलेला पॅरलल फोन. बैठकीत स्प्लिटर लावलेला असतो, पण बेडरूमच्या एक्स्टेन्शनची वायर रोझेटमधूनच परस्पर गेलेली असते. फोन आला किंवा कुणी रिसीव्हर उचलला की नेट जातं, ही त्याची ठळक खूण. उपाय दोन: सगळे फोन स्प्लिटरच्या ‘फोन’ लिहिलेल्या तोंडातून पुढे न्या, नाहीतर प्रत्येक फोनला वेगळा फिल्टर (नेटचा पट्टा अडवणारी छोटी डबी) लावा. फिल्टर फोनला लागतो, मोडेमला नाही. मोडेमच्या वायरीत फिल्टर अडकवला तर जोडणी होतच नाही.

कधीतरी टाकलेली, आता टोकाला काहीच नसलेली वायरही त्रास देते. तिच्या उघड्या टोकावरून सिग्नल परततो आणि मूळ सिग्नलला छेदतो. तारेत सिग्नलचा वेग प्रकाशाच्या साधारण दोन तृतीयांश धरला तर ५० मीटर लांबीची बेवारस वायर १ मेगाहर्ट्झच्या आसपासचे टोन खाते, आणि २५ मीटरची २ मेगाहर्ट्झच्या आसपासचे. घरात ‘असू दे, कधी लागली तर’ म्हणून ठेवलेल्या अशा वायरी रोझेटमधून सरळ काढून टाका. टोकाला टेप गुंडाळून उपयोग नाही, दुसरं टोक सुटलं पाहिजे.

घरातली वायर चपटी, पीळ नसलेली असेल तर तीही बदला. पीळ असला की बाहेरचा गोंगाट दोन्ही तारांवर सारखा बसतो आणि मोडेमपाशी वजा होतो. चपट्या वायरीत असं होत नाही. कॅट-५ई केबलची एक जोडी यासाठी उत्तम, तिची तार जवळपास ०.५ मिलिमीटरचीच असते. ड्रॉप वायर ते मोडेम एकच सलग तुकडा घाला, मध्ये जोड नको, विजेच्या वायरीसोबत एकाच पाइपातून नको. मोडेम दुसऱ्या खोलीत हवा असेल तर फोनची वायर वाढवू नका. मोडेम रोझेटजवळच ठेवा आणि लॅन केबल वाढवा, ती १०० मीटरपर्यंत बिनतक्रार चालते.

जोडांबद्दल थोडं जास्त, कारण सगळ्यात जास्त दुखणी तिथंच. तारा सोलून, पिळून, वर काळी टेप गुंडाळलेला जोड पहिल्या पावसाळ्यापर्यंत टिकतो. ओल शिरते, तांब्यावर हिरवट थर चढतो आणि जोडाचा विरोध वाढतो. किनाऱ्याजवळ खाऱ्या हवेत हे आणखी लवकर होतं. अशा जोडाची गंमत म्हणजे फोन उचलल्यावर वाहणाऱ्या प्रवाहाने तो थर तात्पुरता फुटतो आणि नेट काही काळ सुधारतं. बोलताना नेट बरं आणि फोन ठेवल्यावर काही वेळाने पुन्हा रडगाणं, असं दिसलं तर गंजलेला जोड शोधा. टेपऐवजी जेली भरलेले छोटे कनेक्टर वापरा. तार सोलायचीसुद्धा गरज नसते, दोन्ही टोकं आत सरकवून पकडीने दाबलं की झालं. रोझेटचे स्क्रू वर्षातून एकदा आवळा. ड्रॉप वायर खिडकीतून आत घेण्याआधी बाहेर खाली झोळ ठेवा, म्हणजे पाणी तिथून गळून पडेल, वायरीवरून ओघळत डबीत येणार नाही.

थेट जोडूनही आकडे तेवढेच वाईट असतील तर दोष बाहेर: ड्रॉप वायर, जिन्यातला किंवा खांबावरचा डीपी (घराघरांच्या वायरी फुटतात ती पेटी), पुढे रस्त्यावरच्या मोठ्या पेट्या म्हणजे पिलर, कॅबिनेट, जमिनीखालची केबल, एक्स्चेंज. इथं आपण फक्त लक्षणं नीट टिपू शकतो, पण तीच लाइनमनचं अर्धं काम करतात.

पाऊस पडल्यावर बिघडतं आणि ऊन पडल्यावर सुधारतं, म्हणजे कुठल्यातरी जोडात पाणी शिरलंय. मल्टिमीटर असेल तर घरातलं सगळं सोडवून लाइनवर डीसी व्होल्टेज मोजा. ४८ च्या आसपास स्थिर हवं. बरंच खाली आणि सारखं हलत असेल तर गळती आहे. वारा सुटला की जातं, म्हणजे ड्रॉप वायर कुठंतरी आतून तुटत आलीय. फांदीला घासणारी जागा आणि डीपीचा स्क्रू आधी बघा.

फोन पूर्ण बंद, पण नेट रडतखडत चालू, हे ऐकायला अशक्य वाटतं, तरी होतं. दोनपैकी एक तार तुटलेली असते. आवाजाला आणि डीसीला अखंड वाट लागते, पण डीएसएलचा वरचा पट्टा तुटलेल्या फटीवरून कसाबसा उडी मारतो. खालच्या पट्ट्याला ही उडी जमत नाही, म्हणून अपलोड आधी मरतं. डाउनलोड बरं आणि अपलोड एकदम आपटलेलं दिसलं तर ‘एक तार डिस झालीय का बघा’ असं स्पष्ट सांगा.

ठरावीक वेळीच तुटत असेल तर तार सोडून घरात बघा. पाण्याची मोटर, मिक्सर, इन्व्हर्टरवर जाणं, स्वस्तातला एलईडी दिवा किंवा चार्जर. मध्यम लहरीचा बॅटरीवरचा रेडिओ स्टेशन नसलेल्या जागी लावा आणि फोनच्या वायरीजवळून फिरवा. जिथं घरघर वाढेल तिथं उगम आहे. रेडिओच का, तर मध्यम लहर ५३१ ते १६०२ किलोहर्ट्झ, म्हणजे डाउनलोडच्या पट्ट्यातच येते. खुद्द प्रसारणही तारेत शिरतं: पुणे आकाशवाणीची ७९२ किलोहर्ट्झ म्हणजे १८४ व्या टोनच्या आसपासची जागा. मोडेम टोननिहाय आलेख दाखवत असेल तर प्रक्षेपण केंद्राजवळच्या घरात तिथं खड्डा दिसतो. त्यावर इलाज पीळ असलेली वायर, दुसरं काही नाही. मोडेमचा अ‍ॅडॅप्टरही तपासा. १२ व्होल्टचा असेल तर त्याच व्होल्टेजचा आणि तेवढ्या किंवा जास्त अँपिअरचा दुसरा लावून बघा. जुन्या अ‍ॅडॅप्टरमधला कपॅसिटर फुगला की मोडेम मधूनच स्वतः रीस्टार्ट होतो आणि आळ लाइनवर येतो.

सूर्यास्तानंतर दूरची स्टेशनं जास्त जोरात येतात, शेजारच्या लाइनीही गजबजतात, त्यामुळे रात्री मार्जिन दोन-तीन डीबीने घसरणं साधारण आहे. दुपारी रीस्टार्ट केलेला मोडेम शांत लाइन बघून जास्त वेग धरतो आणि रात्री टिकत नाही. म्हणून रीस्टार्ट करायचाच तर रात्री नऊ-दहाला करा. वेग थोडा कमी धरेल, पण दिवसभर सुटणार नाही. दिवसातून दहादा बंद-चालू करणं मात्र सोडा.

अटेन्युएशन ५० च्या वर असेल तर मोडेमच्या सेटिंगमध्ये एडीएसएल२+ ऐवजी जी.डीएमटी ही जुनी, कमी पट्टा वापरणारी पद्धत निवडून बघा. एवढ्या लांब तारेवर १.१ मेगाहर्ट्झच्या वर तसंही काही पोचत नाही. एक्स्चेंजकडून प्रोफाइल, म्हणजे लाइनला ठरवून दिलेला वेग, उतरवून घेणं आणखी चांगलं: ८ एमबीपीएसवर तुटणारी लाइन ४ वर महिनोन्‌महिने टिकू शकते. क्षणिक तडतडीने त्रुटी येत असतील तर इंटरलीव्हिंग (माहितीचे तुकडे मिसळून पाठवणं) चालू करायला सांगा. त्याने पिंग, म्हणजे प्रतिसादाला लागणारा वेळ, वाढतो, गेम खेळणाऱ्यांची कुरकुर होईल, पण जोडणी टिकते. ६० च्या पुढे मात्र उमेद धरू नका. तिथं फायबर किंवा मोबाइल नेट बघणं शहाणपणाचं.

तक्रार नोंदवताना ‘नेट स्लो आहे’ म्हणू नका. त्या तक्रारीवर रीस्टार्ट करायला सांगतात आणि ती बंद होते. फोनवर खरखर असेल तर तीच नोंदवा; बीएसएनएलच्या फोनची बिघाड-नोंद १९८ वर होते. लाइनमन आला की दोन-तीन दिवसांचे वेळेसह लिहिलेले आकडे दाखवा. डीपीवरच मोडेम लावून बघायला सांगा. तिथं आकडे चांगले आले तर ड्रॉप वायर बदलायची, तिथंही वाईट आले तर मागची तारांची जोडी बदलायची. एक्स्चेंजमध्ये एमडीएफवर (बाहेरच्या सगळ्या तारा येतात त्या चौकटीवर) लावूनही वाईट असतील तर एक्स्चेंजच्या यंत्रातलं आपल्या लाइनचं तोंड, म्हणजे पोर्ट, बदलायचा. जोडी बदलली तर नवी जोडी कुठली ते कागदावर लिहून रोझेटच्या आत चिकटवा, पुढच्या वेळी शोधाशोध वाचते. दुरुस्ती झाल्यावर मोडेम रीस्टार्ट करून सीआरसीचा आकडा शून्यावर आणा, २४ तास थांबा, आणि तो आटोक्यात दिसला तरच तक्रार बंद करायला होकार द्या.