वही दुसरी, नोंद ४१ : ‘मेक ऑफ’

तीन रविवार या एकाच नोंदीवर गेले. शब्दकोशात अर्थ एका ओळीत मिळतो : घाईनं निघून जाणं, पळ काढणं. पण ‘मेक’मध्ये पळणं आलं कुठून? वाट ‘मेक फॉर’नं दाखवली. ‘ही मेड फॉर द डोअर’ म्हणजे तो दाराकडे निघाला. इथला ‘मेक’ करण्याचा नव्हे, रोख धरून निघण्याचा. ‘फॉर’ लागलं की त्या दिशेनं, ‘ऑफ’ लागलं की इथून दूर.

पुढचं पाऊल खानापूरकडे मावशीच्या घरी पडलं. सोप्यावर सुपात फोडलेला गूळ होता. माकड कौलांवरून उतरलं, एक खडा तोंडात, एक हातात, आणि थेट परसातल्या फणसावर. मावशी ओरडली, “मेल्यानं गूळ पळवला गं!” शेजारच्या अक्का त्याच दमात, “मंग्या बेल्ला तगोंड ओडि होतु!” मी तिथंच वही काढली. कन्नडमध्ये तीन क्रिया ओळीनं : घेऊन, पळून, गेलं. मराठीतही ‘घेऊन पळून गेलं’ म्हणता येतं, पण मावशीनं ‘पळणे’चं ‘पळवणे’ करून एका शब्दात भागवलं. इंग्रजीत हेच ‘मेड ऑफ विथ द जॅगरी’, आणि त्यात धावण्याचा शब्दच नाही. नेलेली वस्तू सांगायची तर ‘विथ’ हवंच. ‘मेड ऑफ द जॅगरी’ लिहिलंत तर चुकलं.

लिहिताना आणखी एक जपा. ‘गुळाचं बनलेलं’ यातलं ‘मेड ऑफ’ आणि पळालेलं ‘मेड ऑफ’ आपल्या लिपीत सारखंच दिसतं. इंग्रजीत पहिल्यात एक ‘एफ’ आणि उच्चार ‘ऑव्ह’कडे झुकणारा, दुसऱ्यात दोन ‘एफ’.

मराठी जोडी ठरवताना इंग्लंडचा १९७८ चा चोरीविषयक कायदा फार उपयोगी पडला. त्याच्या तिसऱ्या कलमात ‘मेकिंग ऑफ विदाउट पेमेंट’ असा गुन्हाच आहे : खानावळीत जेवून किंवा गाडीत पेट्रोल भरून, पैसे बुडवायच्या इराद्यानं निघून जाणं. धावत सुटायलाच हवं असं नाही. म्हणून ‘धूम ठोकणे’ मी खोडलं. ‘काढता पाय घेणे’ जवळचं, पण त्यात अपराध नसतो. कंटाळवाण्या बैठकीतूनही माणूस काढता पाय घेतो. ‘पोबारा करणे’ नेमकं बसतं. सोंगट्यांच्या दानातला हा शब्द बातमीत चोरट्यांनाच लागतो. शिवाजी महाराज १६६६ मध्ये आग्र्याहून निसटले, त्याला आपण पोबारा म्हणत नाही, सुटका म्हणतो. इंग्रजीतही तिथं ‘एस्केप’च शोभतं.

‘मेक अवे विथ’ अजून बाकी आहे. त्याचा एक अर्थ पळवणं, दुसरा ठार मारणं. त्याला वेगळं पान ठेवलंय.