लाकडी कंपास

सहामाहीचे पेपर तपासून होतात न होतात तोच आमच्या नाशिकच्या शाळेतील गणिताच्या सरांनी राजीनामा दिला. कपाट रिकामे करताना फळ्यावर वर्तुळे काढायचा मोठा लाकडी कंपास तेवढा त्यांनी माझ्या टेबलावर ठेवला. तो त्यांनी पदरचे पैसे घालून मेन रोडवरून आणला होता. आता ते कॉलेज रोडवरील एका क्लासमध्ये शिकवतात. म्हणजे शिकवणे सुटलेले नाही, शाळा तेवढी सुटली.

सात वर्षे ते विनाअनुदानित तुकडीवर, म्हणजे सरकारकडून पगार न मिळणाऱ्या तुकडीवर, टप्प्याटप्प्याने मिळणाऱ्या अनुदानाची वाट पाहत होते. अनुदानित शाळेत नेमणूक मिळालेल्यांनाही सुरुवातीची तीन वर्षे शिक्षणसेवक म्हणूनच, वेतनश्रेणीऐवजी ठरावीक मानधनावर, काढावी लागतात. 2000 साली ही योजना आली तेव्हा माध्यमिकला महिना 4,000 रुपये मिळत. 2023 पासून ते मानधन 18,000 झाले आहे. शिवाय 1 नोव्हेंबर 2005 पासून लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही. बी.एड., टीईटी ही पात्रता परीक्षा, टेट ही अभियोग्यता चाचणी असे सगळे उंबरठे ओलांडून आलेल्या, घरभाडे भरणाऱ्या माणसाने एवढ्यावर नाशिकमध्ये संसार कसा मांडावा, हे मला आजवर कोणी समजावून सांगितलेले नाही.

पैशाइतकाच, किंबहुना थोडा अधिकच, जाच कागदांचा आहे. संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदे ठरवताना, आधार जुळलेलेच विद्यार्थी धरले जाऊ लागल्यापासून पट टिकवणे हे शिक्षकांचेच काम होऊन बसले. जन्मतारखेत एका आकड्याचा फरक निघाला, तरी अंबडच्या कारखान्यातून पाळी संपवून येणाऱ्या पालकाला रात्री फोन करून आधार केंद्रावर धाडायचे, कारण तसे चार विद्यार्थी वगळले गेले तर एखादा सहकारी अतिरिक्त ठरू शकतो. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 27 ने जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक एवढीच अशैक्षणिक कामे मान्य केली आहेत. हे आधारचे काम मात्र ‘शाळेचेच’ म्हणून खपते.

युनेस्कोच्या अहवालानुसार जगभरात प्राथमिक शिक्षकांच्या गळतीचे प्रमाण 2015 मधील 4.62 टक्क्यांवरून 2022 मध्ये 9.06 टक्क्यांवर गेले. आमच्याकडे मात्र शिक्षक टिकवण्याचा विचार 5 सप्टेंबरच्या शाल-श्रीफळापुढे सरकत नाही. पहिल्या महिन्यापासून पूर्ण वेतनश्रेणी आणि सरकारी पोर्टलांवर माहिती भरण्यासाठी स्वतंत्र लिपिक, एवढे मिळाले असते तर सर गेले नसते, असे मी स्टाफरूममध्ये म्हणालो, तेव्हा कोणी वाद घातला नाही.

नववीचे गणित सध्या माझ्याकडे आहे. मी मूळचा भूगोलाचा. कंपासचा खडू धरणारा स्क्रू सैल झाला आहे, वर्तुळ पूर्ण होता होता खडू निसटतो आणि मागच्या बाकावरून हमखास विचारले जाते, “सर, ते सर परत कधी येणार?”