छापा दिसतोय का?

अलिबागजवळ नागावला आमचं घर आहे, सुट्टीला येणाऱ्यांना भाड्यानं देतो. त्यासाठी फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, “पूल आहे ना?” समुद्र किती लांब, हे नंतर. कधीकधी तेही नाही. समुद्र सुरूच्या झाडांपलीकडे सात मिनिटांवर आहे, फुकट आहे आणि त्याला क्लोरीन मारावा लागत नाही. पण माणसं मांडव्याला बोटीतून गाडी उतरवतात, समुद्रावर जाऊन अर्धा तास पाय भिजवतात आणि पायांची सगळी वाळू घेऊन आमच्या पूलमध्ये उतरतात.

पूल आहे त्या जागी पोफळी होत्या. ३ जून २०२० च्या दुपारी निसर्ग वादळ आलं आणि आमच्या वाडीतल्या पोफळी एका दुपारीत आडव्या झाल्या. काही मुळासकट, बऱ्याचशा मधोमध मोडून. नवीन पोफळ लावली तर सुपारी हाताशी यायला सहा-सात वर्षं. हे नुकतेच निवृत्त झालेले, मी निवृत्तीला टेकलेली. त्याच वर्षी मार्चमध्ये मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो, म्हणजे गाड्या नेणारी बोट, सुरू झाली होती. मुंबईकर आता गाडीसकट तासाभरात इकडे येणार, असा ह्यांनी हिशेब मांडला आणि मोकळ्या झालेल्या जागेत खड्डा खणायला माणसं आणली. सासूबाईंनी एवढंच विचारलं, “विहीर असताना हौद कशाला?” त्या शहाऐंशीच्या आहेत. पूलला अजून हौदच म्हणतात.

हौद चोवीस फूट बाय बारा, खोली चार फूट. म्हणजे साडेबत्तीस हजार लिटर पाणी. मी बँकेत नोकरी केलेली बाई, मला वाटलं एकदा भरलं की झालं, मुदत ठेवीसारखं. पण हे चालू खातं निघालं. मे महिन्यात रोज अर्धा सेंटिमीटर पाणी नुसतं उन्हानं उडतं, म्हणजे सव्वाशे-दीडशे लिटर. पहिल्या उन्हाळ्यात ह्यांना खात्री पटली की पूल गळतोय. तेव्हा पूलवाल्यानं बादलीची युक्ती सांगितली. पायरीवर पाणी भरलेली बादली ठेवायची, आतल्या आणि बाहेरच्या पातळीची खूण करायची आणि दुसऱ्या दिवशी बघायचं. दोन्ही सारखीच उतरली तर ऊन, बाहेरची जास्त उतरली तर गळती. दोन्ही सारखीच उतरली होती. हे दिवसभर जरा हिरमुसलेलेच होते, कारण गळतीबद्दल भांडायची तयारी झाली होती.

पूलचं खरं काम दादा बघतो. दादा मुळात पाडेली. कमरेला कोयता लावून आमच्या आणि शेजारच्या वाड्यांतले नारळ उतरवायचा. वादळानंतर चढायला झाडंच कमी उरली, तेव्हा आम्ही त्याला विचारलं. पूलवाल्यानं एका दुपारी त्याला सगळं शिकवलं. जाळीनं पानं काढायची, व्हॅक्यूम फिरवायचा, वाळूचा फिल्टर तुंबला की बॅकवॉश द्यायचा, म्हणजे उलटं पाणी सोडून तो धुवायचा. क्लोरीन संध्याकाळी मारायचा, कारण दुपारी मारला तर ऊनच खाऊन टाकतं. बॅकवॉशचं पाणी केळीच्या बुडाशी सोडायचं नाही, हे मात्र त्याला कोणी सांगितलं नव्हतं. ते केळीनंच सांगितलं. पानांच्या कडा करपल्या आणि आम्ही शोषखड्डा खणला.

रोज सकाळी दोन नळ्यांत पाणी घेऊन थेंब टाकायचे. एक नळी पिवळी होते, ती क्लोरीनची. दुसरी गुलाबी, ती पीएचची, म्हणजे पाण्याच्या आम्लपणाची. क्लोरीन एक ते तीन पीपीएम, पीएच सात पूर्णांक दोन ते सात पूर्णांक सहा. आई, म्हणजे सासूबाई, खुर्चीत बसून हे बघतात. “रोज उठून लघवी तपासल्यासारखं,” त्या म्हणाल्या. आता त्यांना काय सांगायचं, की मुद्दा फारसा चुकलेला नाही! पूलला येणारा तो उग्र वास जास्त क्लोरीनचा नसतो. घाम आणि लघवीशी झगडून थकलेल्या क्लोरीनचा असतो. ताजं, निरोगी पाणी जवळजवळ बिनवासाचं. मागे एका गृहस्थांनी तक्रार केली, “फार क्लोरीन घालता तुम्ही, आमच्या मुलांचे डोळे चुरचुरतात.” मुलं नऊ होती आणि सकाळपासून पाण्यातून बाहेर आली नव्हती. मी “बघते हं” म्हटलं. उपाय आणखी क्लोरीन घालणं हाच होता. तो त्या रात्री दादानं घातला.

दादाचा नळ्यांवर तसा विश्वास नाही. त्याची परीक्षा वेगळी आहे. खिशातलं दहाचं नाणं खोल बाजूला टाकायचं आणि काठावर उकिडवं बसून बघायचं. छापा की काटा ओळखता आलं तर पाणी पास. मग जाळीनं नाणं काढून परत खिशात. एकच नाणं, गेली चार वर्षं.

गेल्या मे महिन्यात एका लग्नाच्या हळदीला घर दिलं. हळद फक्त अंगणात, असं मी तीनदा सांगितलं होतं. नवरदेवाच्या आईनं तीनदा मान डोलावली. रविवारी दुपारी वीसेक माणसं अंगभर हळद, तेल आणि डाळीचं पीठ घेऊन पाण्यात पडली. सुती कुडते, झब्बे, एकाच्या खांद्यावर उपरणंसुद्धा. नायलॉनचा पोशाख हवा अशी पाटी भिंतीवर होती. तिला झेंडूची माळ बांधलेली. तशी माणसं फार चांगली होती. जाताना आईंच्या पाया पडली, आम्हाला लाडू दिले.

सोमवारी सकाळी मी काठावर उभी राहिले. पाणी पिवळ्या कढीसारखं. वर तेलाचा तवंग, वरचा कचरा ओढून घेणाऱ्या स्किमरच्या तोंडाशी सुती धाग्यांचा गुंता. दादानं खिशातून नाणं काढलं, टाकलं. पायरीच्या पुढे गेलं आणि दिसेनासं झालं.

“दिसत नाय, वहिनी.”

“छापा?”

“नाणंच.”

सगळं पाणी सोडून देऊ म्हटलं तर मे महिन्यात विहिरीनं तळ गाठलेला. जास्त उपसा केला की आमच्याकडे पाणी मचूळ होतं, समुद्र जवळ. पावसाळ्यात रिकामा करावा तर तेही चालत नाही. पूलवाल्यानं आधीच बजावलं होतं, जमिनीतलं पाणी वर चढलं की रिकामा पूल खालून उचलला जातो, होडीसारखा. म्हणजे आहे तेच पाणी निवळायचं.

दादा धुण्याचा सोडा घेऊन काठाच्या फरशा घासायला बसला आणि घासता घासता एकदम थांबला. ब्रशखालचा पिवळा डाग लालभडक झाला होता. फेससुद्धा लाल. बोट कापलं की काय म्हणून त्यानं हात उलटसुलट करून पाहिला. आई खुर्चीतून हसल्या. “अरे, कुंकू झालं ते. हळदीला चुना नाही तर टाकणखार लावला की कुंकूच होतं. माझी आई घरी करायची.” सोड्याच्या पाण्याचे ओघळ हौदात उतरत होते आणि उतरले की पुन्हा पिवळे होत होते. आम्ही तिघंही, कामं तशीच टाकून, ते बघत राहिलो.

त्या दिवसापासून हौदाच्या दुरुस्तीची सूत्रं आईंकडे गेली. “हळदीचा डाग उन्हाला टाकला की जातो,” त्या म्हणाल्या. दुपारभर ऊन, रात्री दादाचा दुप्पट क्लोरीन. मंगळवारी संध्याकाळपर्यंत पिवळेपणा बराच फिकटला, पण गढूळपणा हलेना. पूलवाल्याला फोन केला. अ‍ॅलम टाका म्हणाला, पंप बंद करा, रात्रभर पाणी हलवू नका. दादानं शेडमधून गोणी आणली. आईंनी एक खडा हातात घेऊन जिभेला लावला. “तुरटी आहे ही. पावसात विहिरीला टाकायचो तीच. अ‍ॅलम म्हणे!”

बुधवारी पहाटे पाणी काचेसारखं होतं आणि तळाशी फिकट पिवळ्या, मऊ गाळाची साय बसली होती. हा गाळ फिल्टरमधून न्यायचा नसतो, थेट बाहेर सोडायचा. दादानं व्हॅक्यूमचा दांडा हातात घेतला आणि पाणी ढवळणार नाही अशा बेतानं, सारवणाचा हात फिरवावा तसा, एक पट्टा ओढला. मागे निळी फरशी उघडी पडली. दुसरा पट्टा. आई खुर्ची काठाशी घेऊन बसल्या होत्या, मी चहाचे कप घेऊन उभी.

तिसऱ्या पट्ट्यात नाणं चकाकलं. त्याच्या शेजारी दुसरं. चौथ्या पट्ट्यात आणखी तीन, एक कोपऱ्यात, दोन पायरीखाली. दादा दांडा तसाच धरून खाली वाकला.

“एवढी कुठून आली?” मी विचारलं.

“त्या लग्नातल्या म्हाताऱ्या बायांनी टाकली असणार,” आई म्हणाल्या. “पाणी दिसलं की हात जातोच.”

“मग? छापा दिसतोय का, दादा?”

“दिसतोय, वहिनी,” तो वाकूनच म्हणाला. “पण यातलं माझं कोणचं?”