कल्ले झडतात की जिरतात?

मिरगाचा पाऊस लागला की पंधरवड्यात खानापूर-जांबोटीकडच्या भातवाफ्यांत काळ्या ठिपक्यांची वळवळ सुरू होते. पोरं त्यांना मासोळ्या समजतात, आणि तूर्तास ते फारसं चूकही नाही. कल्ले आहेत, शेपूट आहे, पाय नाहीत.

बेडकाच्या या पिल्लांसाठी प्राणिशास्त्रात एक जिभेला गाठ पाडणारा शब्द आहे: कॅड्युसिब्रँकिएट. म्हणजे मोठेपणी कल्ले गमावणारे उभयचर. मेक्सिकोतला ॲक्सोलॉटल आणि स्लोव्हेनियाच्या गुहांतला आंधळा प्रोटिअस हे शेपटीवाले उभयचर मात्र कल्ले जन्मभर बाळगतात. अर्थात १८६५ साली पॅरिसमध्ये प्राणिशास्त्रज्ञ ऑग्युस्त द्युमेरिल यांच्याकडच्या काही ॲक्सोलॉटलांनी कल्ले टाकून थेट जमीन गाठली, तेव्हा ‘जन्मभर’ची पंचाईतच झाली.

लॅटिन ‘कॅड्युकस’ म्हणजे गळून पडणारं. इथे शब्द फसवतो. पिंपळाचं पान झडतं तसा कल्ला वाफ्यात पडलेला कुणाला सापडणार नाही. तो अंगातच जिरतो.

बाहेरचे झुपकेदार कल्ले थोड्या दिवसांचेच. मग कातडीची घडी त्यांच्यावर चढते आणि आतले कल्ले काम करू लागतात. पाणी तोंडातून आत, डाव्या कुशीवरच्या बारीक भोकातून बाहेर. पांढऱ्या बशीत वाफ्यातलंच पाणी घेऊन, ओल्या हाताने पिल्लू त्यात सोडून भिंगातून पाहावं, भोक दिसतं. (काही चपट्या, काचेसारख्या पिल्लांत ते पोटाखाली मधोमध असतं, त्यांच्या कुशीवर शोधत बसू नये.) बशी सावलीत हवी, आणि पाच मिनिटांत पिल्लू परत वाफ्यात.

मागचे पाय उघड्यावर वाढतात. पुढचे कल्ल्यांच्या पोकळीत दडून तयार होतात; डावा बहुतेकदा त्याच भोकातून बाहेर येतो. मग थायरॉइडच्या स्रावाने सगळी मोडतोड एकदम होते: कल्ले जिरतात, शेवाळ चरणारं लांबलचक आतडं आखडतं. तोंडाचीही नवी घडण चाललेली, त्यामुळे खाणं बंद. पिल्लू आपल्याच शेपटीवर जगतं.

आणि याच दिवसांत ते पाण्यात बुडून मरू शकतं. वाफ्याला बांधाचा उतार असतो. विहिरीजवळच्या सिमेंटच्या टाकीला उभ्या, गुळगुळीत भिंती; कल्ले गेलेलं पिल्लू पोहून पोहून दमतं. टाकीत एक खरबरीत फळी तिरकी टेकवावी, खालचं टोक पाण्यात खोल, वरचं काठावर. नुसता जांभ्याचा दगड ठेवला तर पावसाने पाणी चढलं की तोही बुडतो. फळी निसरडी झाली असेल तर तिला गोणपाट गुंडाळावं.

चोर्ल्याच्या जंगलातल्या झुडपी बेडकांना ही भानगडच नाही. त्यांची पिल्लं सगळी उलथापालथ अंड्यातच उरकतात आणि चार पायांनिशी, नखाएवढे बेडूक होऊनच बाहेर पडतात.